एअर रायफलची स्प्रिंग कधी बदलायची? (दीड वर्ष, छर्‍यांचे २६ डबे)

मशीनवाली_आई

नमस्कार. मी राधानगरी तालुक्यातली, घरी शिलाईकाम करते. बंदुकीतलं मला ओ की ठो कळत नाही, तरी विचारते, हसू नका.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ब्राँझ घेतलं. कांबळवाडी आमच्याच तालुक्यात. त्या महिन्यात इकडच्या निम्म्या पोरांना नेमबाज व्हायचं होतं. बाकीच्यांची हौस गणपतीपर्यंत टिकली, आमच्या लेकीची अजून टिकून आहे. ती आता नववीत. माझ्या भावानं तिला जुनी एअर रायफल घेऊन दिली, नळी मोडून कॉक करायची (म्हणजे आतली स्प्रिंग दाबून चढवायची), ४.५ मिमीची. परड्यात दहा मीटर मोजून भिंतीला लाकडी पेटी लावली आहे, मागं पोत्यात वाळू. आठवड्यातून पाच दिवस चाळीस-चाळीस बार.

दिवाळीपर्यंत तिचे पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकायचे. यंदाच्या पावसापासून बिघडलंय. छर्रे खाली लागतात आणि विखुरतात, एक इथं तर एक तिथं. कॉक करताना आतून कर्रर्र असा आवाज येतो. तिचे सर म्हणाले, "स्प्रिंग गेली, बदला." भाऊ म्हणतो, चालतीय तोवर चालव.

एक कबुली. जुलैत आवाज यायला लागला तेव्हा मी शिलाई मशीनला घालते तसे दोन-तीन थेंब तेल त्या पुढच्या भोकातून आत सोडले. पहिल्याच बाराला फटाक्यासारखा आवाज झाला, नळीतून धूर आला. पोरगी घाबरली, मीही घाबरले. नंतर चार-पाच बारांनी शांत झालं. त्यानं काही बिघडलं असेल का?

स्प्रिंग किती दिवसांनी बदलतात? गेली हे बाहेरून कसं ओळखायचं?

---

मिरजकर_९१

एवढा विचार कशाला? दरवर्षी दसर्‍याला शस्त्रपूजेच्या आधी नवी स्प्रिंग टाकायची, विषय संपला. आणि टाकायचीच तर जाड तारेची टाका. माझ्याकडची अशी सुटते की पत्र्याचा डबा आरपार. पोरीला पण मजा येईल.

---

आर्मोरर_निवृत्त

ताई, हसण्यासारखं काही नाही. मी ईएमईत, म्हणजे सैन्याच्या दुरुस्ती विभागात, आर्मोरर (बंदुका दुरुस्त करणारा) होतो, सिकंदराबादला ट्रेनिंग, मग बावीस वर्षं हेच काम. आता गावाकडं असतो, आसपासच्या पोरांच्या रायफली बघून देतो. तुमच्यासारखी मुद्देसूद तक्रार मला सैन्यातही फार कमी मिळाली. तिथं जवान नुसता म्हणायचा, "उस्ताद, चल नहीं रहा."

आधी मिरजकरांचं. दसर्‍याला स्प्रिंग बदलणं म्हणजे डोकं दुखो न दुखो, वर्षातून एकदा दात काढून घेण्यासारखं आहे. स्प्रिंग कॅलेंडर बघून थकत नाही, किती वेळा दबली आणि सुटली यावर थकते. कपाटात दहा वर्षं मोकळी पडलेली स्प्रिंग बहुधा ठीक असते, फक्त गंज बघायचा. आणि जाड तार नकोच. झटका वाढतो, पिस्टन पुढं जास्त जोरात आदळतो, साइट ढिली होते, दहा मीटरवर नेम उलट बिघडतो. शिवाय कायद्याचं बघा. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ४.५ मिमीची आणि २० जूलच्या आतली एअर रायफल विनापरवाना ठेवता येते. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २७५ मीटरनं सुटला की वीस जूल भरतात. नववीतल्या पोरीच्या रायफलीला त्याच्या आसपास न्यायचं कारण काय? स्पर्धेतल्या एअर रायफली १७० च्या आसपास सोडतात, अर्थात साडेसात-आठ जूल. त्यावर जग जिंकतात.

आता तुमची रायफल. "छर्रा खाली लागतो" म्हटलं की दहातले नऊ जण स्प्रिंगला दोष देतात. माझ्या टेबलावर येणार्‍या दहातल्या सहा रायफलींत दोष निघतो वायसरचा. आत सायकलच्या पंपासारखाच मामला आहे: मोठ्या नळीत पिस्टन, त्याच्या तोंडाला चामड्याचा नाहीतर प्लॅस्टिकचा वायसर. स्प्रिंग पिस्टनला ढकलते, पिस्टन हवा दाबतो, हवा छर्‍याला. चामडं वाळलं, की हवा बाजूनं निसटते. दुसरा वायसर नळी जिथं मोडते तिथं, बोटाच्या पेराएवढा. तो चेपला की हवा तिथूनच बाहेर. स्प्रिंग बिचारी पूर्ण जोर लावते आणि शिव्या खाते.

तो लहान वायसर घरीच तपासता येतो. पातळ टिश्यू पेपरची बोटभर पट्टी घ्या, नळीच्या सांध्यावर आडवी ठेवा, छर्रा घालून पेटीवर नेहमीसारखा बार काढा. पट्टी उडाली किंवा फडफडली तर वायसर गेला. छर्रा न घालता बार काढू नका, कधीच. छर्‍यामुळं पुढं हवेची गादी तयार होते, त्यावर पिस्टन टेकतो. छर्रा नसेल तर लोखंडावर लोखंड.

दुसरं, कागद बघा. छर्रे उभे पसरतात की आडवे? हे मला नक्की सांगा. उभे म्हणजे वेग वरखाली होतोय: वायसर, स्प्रिंग, तेल. आडवे म्हणजे दस्त्याचे स्क्रू, साइट, नळीच्या बिजागरीचा बोल्ट, नाहीतर पोरीचा खांदा.

तिसरं, शक्य असेल तर जिल्ह्याच्या रेंजवर क्रोनोग्राफवर (छर्‍याचा वेग मोजायच्या यंत्रावर) दहा छर्रे सोडा आणि दहाही आकडे लिहून आणा. सरासरी नको, दहाही. कमी वेग चालतो, साइट चार खटके वर घेतली की झालं. पण दर बाराला वेगळा वेग आला तर ऑलिंपिकवाल्यालाही नेम लावता येणार नाही.

तेलाचं. ताई, ते "पुढचं भोक" म्हणजे हवा छर्‍याकडं जाते ती वाट. पिस्टन हवा इतक्या वेगानं दाबतो की ती प्रचंड तापते आणि तेलाची वाफ पेटते, डिझेल इंजिनात पेटते तशी. म्हणून फटाका, म्हणून धूर. त्या स्फोटानं पिस्टन उलटा मागं ढकलला जातो आणि स्प्रिंगला भलताच हिसका बसतो. चार-पाच बार म्हणजे जगबुडी नव्हे, पण आधीच थकलेली स्प्रिंग अशा हिसक्यात तुटू शकते. एकानं खोबरेल घातलं होतं, त्याची रायफल माझ्याकडं आली तेव्हा वास बुंदीच्या कढईसारखा येत होता. मशीनचं तेल मशीनलाच. स्प्रिंगला मॉलिब्डेनम ग्रीस लागतं, तेही बोटाच्या टोकावर मावेल एवढंच, आणि रायफल उघडल्यावर.

उघडायची तुम्ही नाही आणि भावानंही नाही, हे हात जोडून सांगतो. रायफल कॉक केलेली नसली तरी स्प्रिंग आत दाबूनच बसवलेली असते. मागचं बूच काढलं की ती बुचासकट बाहेर येते. आमच्या शेजारच्या गावात एकानं अंथरुणावर बसून उघडली. बूच गेलं पंख्याला, पंख्याचं पातं वाकलं. ते बूच तोंडासमोर असतं तर? मी सुताराच्या लांब शिकंज्याला लेथवाल्याकडून दोन ठोकळे बसवून घेतलेत, त्यात धरूनच उघडतो.

"किती दिवसांनी" ऐवजी विचारायचं, "किती बारांनी". आकडा आहे का?

---

मशीनवाली_आई

काका, आकडा आहे! छर्‍यांचे रिकामे डबे मी टाकत नाही, त्यात हुक, बटणं, टिकल्या ठेवते. आत्ता मोजले, २६ भरले. प्रत्येकात ५०० छर्रे.

---

आर्मोरर_निवृत्त

तेरा हजार. भावानं जुनी घेतली, म्हणजे त्याआधीचे वेगळे. एवढ्या बारांत स्प्रिंग थकू शकते, मग सरांचं चुकलेलं नसणार. तरी पट्टीची तपासणी आधी करा.

---

बाराबोअर_गार्ड

उस्ताद, मधेच घुसतो, माफ करा. मी माजी सैनिक, बँकेत गार्ड आहे. बारा बोअर डबल बार, वडलांची, शेतसंरक्षणाच्या परवान्यावर होती, आता माझ्या नावावर. सरावात उजव्या नळीचं काडतूस दोनदा उडालं नाही. डावी ठणठणीत. ड्यूटीवर आठ-आठ तास भरलेली असते, त्यानं स्प्रिंग बसली असेल का? ती आपली पट्टीसारखी, चिमट्याच्या आकाराची असते ना?

---

आर्मोरर_निवृत्त

जयहिंद. हो, तुमची घोडे आत दडलेली डबल बार असेल तर उघडतानाच दोन्ही घोडे चढतात. म्हणजे भरलेली म्हटलं की चढलेलीच. पण त्या चिमट्याच्या स्प्रिंगचा स्वभाव वेगळा. एअर रायफलची गोल स्प्रिंग हळूहळू बसते, म्हातार्‍या माणसासारखी. चिमट्याची चांगली स्प्रिंग वर्षानुवर्षं जोर धरून ठेवते आणि जाते तेव्हा बहुधा टचकन तुटून जाते.

उडालेली आणि न उडालेली काडतुसं शेजारी ठेवून बुडाच्या टोपीवर पिनेच्या मारानं पडलेले खड्डे बघा. उजवीचा खड्डा उथळ असेल तर मार कमी पडतोय. त्याचं पहिलं कारण स्प्रिंग नव्हे, वाळलेलं तेल. वडलांच्या काळापासून जे-जे आत सोडलं त्याची लापशी झालेली असते, घोडा त्यातून पोहत जातो. दुसरं कारण झिजलेली पिन. तिसर्‍या नंबरला स्प्रिंग. खड्डे सारखेच खोल असतील तर काडतुसं जुनी आहेत, डब्यावरचं साल बघा.

हे बघण्यापलीकडं हात लावायचा नाही. आर्म्स ॲक्ट १९५९ प्रमाणे दुरुस्ती परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडंच. तो बघून सांगेल आणि बदलली तर दोन्ही बाजूंचा मार जुळवून देईल. घरी ठेवताना घोडे उतरवायचे असतील तर नळ्या रिकाम्या केल्याची दोनदा खात्री करून स्नॅप कॅप (सरावाचं खोटं काडतूस) घालायची आणि सुरक्षित दिशेला चाप ओढायचा. रिकाम्या नळीवर नुसता चाप ओढू नका, पिन मोडते. आणि सरावात पुन्हा बार उडाला नाही तर नळी टार्गेटकडंच ठेवून तीस सेकंद थांबा, मग उघडा. उशिरा उडणारं काडतूस मी डोळ्यांनी पाहिलंय, पुढचं सांगत बसत नाही.

मॅगझीनचं कुणीतरी विचारेलच म्हणून आधीच लिहितो. तिथंही भरून ठेवण्यापेक्षा भरणं-रिकामं करणं स्प्रिंगला जास्त खातं. शेवटच्या एक-दोन गोळ्या नीट वर येईनात, की मॅगझीनची स्प्रिंग बदलायची वेळ. आमचे उस्ताद दोन गोळ्या कमी भरायला लावायचे, ठासून दाबल्यावर ती जास्त बसते म्हणून.

---

मशीनवाली_आई

काका, तीन गोष्टी सांगते.

पट्टी उडाली. तिसर्‍या बाराला तर फाटली.

कागदावर छर्रे उभेच पसरलेत. लांबट, वांग्याच्या आकारात. आडवे फारसे नाहीत.

रविवारी सरांबरोबर रेंजवर गेलो. दहा आकडे: १७२, १५८, १६३, १४१, १६९, १५०, १६६, १४४, १७०, १५५.

---

आर्मोरर_निवृत्त

वा! हे आकडे पोरीला दाखवा. तिला वाटत असणार की आपलाच हात बिघडला.

गणित करून बघा. १७२ नं गेलेला छर्रा दहा मीटर जाईपर्यंत साधारण साडेसोळा मिलिमीटर खाली येतो, १४१ नं गेलेला जवळजवळ पंचवीस. फरक आठ मिलिमीटर. दहा मीटरच्या टार्गेटवर एक रिंग अडीच मिलिमीटरची असते. पोरीनं दोन्ही बार एकाच जागी धरून मारले तरी तीन रिंगांचा फरक रायफलच पाडणार. यात तिचा काय दोष?

आधी लहान वायसर बदला, तो स्वस्त आणि सोपा. परत दहा आकडे घ्या. मग मागच्या भागाला हात. आवाजाबद्दल माझी शंका वेगळी आहे. स्प्रिंग तुटली तरी रायफल चालते, हे बर्‍याच जणांना माहीत नसतं. तुटलेले दोन तुकडे एकमेकांत स्क्रूसारखे शिरतात, लांबी थोडी कमी होते, बार होतच राहतो. मात्र कॉक करताना कर्रर्र येतं.

आणि एक सगळ्यात महत्त्वाचं, जे मी पहिल्याच उत्तरात लिहायला हवं होतं. आपण सगळे मोठ्या स्प्रिंगबद्दल बोलतोय. चापाजवळ एक लहान स्प्रिंग असते, पेनातल्या स्प्रिंगएवढी. ती सीअरला, म्हणजे पिस्टनला अडवून धरणार्‍या दाताला, जागेवर ठेवते. मोठी थकली तर रिंगा जातात. लहान थकली आणि दात झिजला तर नळी उघडी असतानाच पिस्टन सुटतो, नळी फटकन बंद होते आणि छर्रा घालणारं बोट मधे असतं. चाप ओढल्यावर आपोआप पुढं येत नसेल, अचानक हलका लागत असेल, कॉक केल्यावरचा "टक" कधी येतो कधी नाही असं होत असेल, तर त्याच मिनिटाला थांबायचं. ही स्प्रिंग मी नुसत्या शंकेवर बदलतो, मोजत बसत नाही. आणि पोरीला सवय लावा: छर्रा घालून नळी बंद होईपर्यंत दुसर्‍या हातानं नळी घट्ट धरलेली पाहिजे. सोडायची नाही. कॉक करून चहाला जायचं नाही, मोठी स्प्रिंगसुद्धा त्यानं बसते.

---

मिरजकर_९१

उस्ताद, पत्र्याच्या डब्याचं मागं घेतो 🙏 एक विचारू? नवी स्प्रिंग टाकली की दोन आठवड्यांत ती सात-आठ मिलिमीटर आखूड झाली. दुकानदारानं फसवलं म्हणायचं का?

---

आर्मोरर_निवृत्त

नाही. नवी स्प्रिंग पहिल्या काही बारांत थोडी बसतेच, मग स्थिर होते. म्हणून तुलना नव्या लांबीशी करू नका, पहिल्या शंभर बारांनंतर मोजलेल्या लांबीशी करा. आणि लांबीपेक्षा मी काचेवर लोळवून बघतो. सरळ लोळली तर ठीक. डुगडुगत गेली तर वाकलीय. वाकडी स्प्रिंग आत नळीला घासते आणि घासलेल्या जागीच पुढं तडा जातो.

---

मशीनवाली_आई

उशीर झाला, लग्नसराईचे ब्लाउज होते.

लहान वायसर बदलला. आकडे १६० ते १७१ मध्ये आले, पण कर्रर्र तसंच होतं. सरांच्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडं नेली. त्यानं तुमच्यासारखंच शिकंज्यात धरून उघडली, मी आणि पोरगी लांब उभ्या. स्प्रिंगचे दोन तुकडे! लहान तुकडा करंगळीएवढा, मोठ्यात गुंडाळून बसला होता. दोघांना वेगळं करायला त्याला पकड घ्यावी लागली. पिस्टनचं चामडं कडक झालेलं, एका बाजूनं काळं. ते माझ्या तेलानं का, म्हणून विचारलं तर तो नुसता हसला.

मोठी स्प्रिंग मूळ मापाचीच टाकली. लहान चापाजवळचीही बदलायला लावली, तो म्हणत होता चालेल अजून, मी ऐकलं नाही.

---

आर्मोरर_निवृत्त

बरं केलंत. तुटलेलं टोक फेकलं नसेल तर उन्हात धरून बघा. तडा वेटोळ्याच्या आतल्या बाजूनं सुरू झालाय की बाहेरच्या? आतल्या बाजूला ताण सगळ्यात जास्त असतो.

---

मशीनवाली_आई

आतल्या बाजूनं. तिथं गंजाचा एक बारीक ठिपका आहे, सुईच्या नेढ्याएवढा. त्याच्याभोवती तुटलेली जागा गुळगुळीत आहे, पलीकडची खरबरीत. पावसाळ्यात रायफल परड्याकडच्या भिंतीला टेकवून ठेवायचो, ती भिंत ओल धरते. आता शिलाईच्या खोलीत कपाटावर आडवी ठेवली आहे.

नव्या स्प्रिंगवर शंभर बार झाले. काल सत्ताविसावा डबा उघडला, झाकणावर खडूनं तारीख घातली. पाच छर्रे परत नाण्याखाली, एक मात्र बाहेर. तो तिचा स्वतःचा, ती म्हणाली.